ओपेथचा ‘ब्लॅकवॉटर पार्क’: गुरगुराट आणि गुणगुण

‘ब्लॅकवॉटर पार्क’ हा ओपेथ या स्वीडिश बँडचा पाचवा अल्बम २००१ साली आला. त्याचं ध्वनिमुद्रण गोथेनबर्गच्या स्टुडिओ फ्रेडमनमध्ये झालं. नाव घेतलं सत्तरच्या दशकातल्या एका जर्मन बँडचं. गाणी आठच, पण एकूण लांबी तासाभराहून जास्त; शीर्षकगीत एकटंच बारा मिनिटांचं.

गायक-गिटारवादक मिकाएल ओकरफेल्ट डेथ मेटलचा घशातला गुरगुरता आवाज काढतो आणि त्याच गाण्यात पुढे अगदी स्वच्छ, हळवं गातो. ‘द लेपर अफिनिटी’ दहा मिनिटं गिटार-ड्रम्सचा मारा करत शेवटी एकाकी पियानोवर येऊन थांबतं. ‘द ड्रेपरी फॉल्स’मध्ये तर शांत सुरावट आधी येते आणि वादळ मागाहून. दोन तुकडे नुसते शेजारी चिकटवल्यासारखं कुठेच वाटत नाही. मृदू भागातली उदासी गर्जनेतही झिरपत राहते. खरी करामत तीच. ‘हार्वेस्ट’मध्ये गुरगुराट मुळीच नाही (मेटलला बिचकणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी), तर ‘पॅटर्न्स इन द आयव्ही’ हा दोन मिनिटांहूनही छोटा, शब्दांविना तुकडा.

निर्मितीत ओपेथबरोबर पॉर्क्युपाइन ट्री या बँडचा स्टीव्हन विल्सन होता. आवाजांचे थर आणि वाद्यांमधली मोकळी जागा यांवर त्याची छाप दिसते; ‘ब्लीक’मध्ये तो गायलाही आहे. पुढे ओपेथने हे दोन स्वभाव वेगळे केले: २००२चा ‘डेलिव्हरन्स’ जड, २००३चा ‘डॅम्नेशन’ पूर्ण शांत.