कुणाच्या कागदावर निघायचं?

भाऊबीजेला दौंडला बहिणीकडे गेलो होतो. ओवाळणं झालं, जेवणं झाली आणि भाच्याने वहीचं मधलं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. मधोमध उभी रेघ, एका बाजूला जर्मनी, दुसऱ्या बाजूला जपान. खाली दोन्हीकडचा पगार, विमानाचं भाडं, एजंटची फी. "मामा, तुम्ही सांगा. कुठं जाऊ?"

भाचा रांजणगाव एमआयडीसीत फिटर आहे. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड, मग अप्रेंटिस, मग सहा वर्षं काम. त्यातली पहिली चार ठेकेदाराच्या हजेरीवर. शिरूरला खोली घेऊन राहतो आणि सुट्टीच्या आदल्या रात्री मोटारसायकलने दौंडला येतो. बायको दौंडमधल्या एका दवाखान्यात नर्स आहे, मुलगी तीन वर्षांची. म्हणजे हे घर आजच दोन तालुक्यांत वाटलेलं आहे. त्याच्या वहीत मात्र बायकोचा आणि मुलीचा कुठे उल्लेखच नव्हता.

त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही. पुढचे तीन आठवडे दोन्ही देशांच्या सरकारांनीच प्रसिद्ध केलेले नियम वाचत बसलो. शिरूर-दौंडकडच्या अनेक घरांत आज हीच वही उघडली जाते, म्हणून जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे.

जपानचं दार समजायला सोपं. एप्रिल २०१९ मध्ये जपानने 'तोकुतेई गिनो', म्हणजे विशिष्ट कौशल्य, हा व्हिसा सुरू केला. त्यासाठी भारताशी करार झाला जानेवारी २०२१ मध्ये. त्या कामाची कौशल्य-परीक्षा द्यायची आणि जपानी भाषेची एन-४ पातळी गाठायची. तुमचं प्रमाणपत्र किती वर्षांचं, हे जपान विचारत नाही. परीक्षा घेतं. भाच्याचा खोलीतला जोडीदार वेल्डर आहे, त्याचा ट्रेड एकच वर्षाचा. त्याच्यासाठी ही गोष्ट मोलाची आहे.

पण या व्हिसाच्या पहिल्या पायरीची मुदत एकूण पाच वर्षांची, आणि या पायरीवर बायको-मुलांना नेता येत नाही. दुसऱ्या पायरीला मुदत वाढवत राहता येते, कुटुंबही नेता येतं, पण तिची परीक्षा बरीच अवघड. शिवाय जपानमध्ये कायम राहण्याची परवानगी साधारण दहा वर्षांनी मागता येते, त्यातली किमान पाच वर्षं कामाच्या व्हिसावरची हवीत, आणि पहिल्या पायरीवरची वर्षं त्या पाचांत धरत नाहीत. हे नियम लपवलेले नाहीत. पहिल्या पायरीवर जपानला तुमचे हात हवे आहेत, तुमचा संसार नको आहे. अविवाहित, बावीस-तेविसाव्या वर्षाच्या मुलाला हा सौदा चांगला ठरू शकतो. पाच वर्षं कमावून, भाषा आणि कामाची शिस्त घेऊन तो परत आला, तर शिरूरच्या पुढे सुप्यालाच जपानी उद्योगांसाठी एमआयडीसीने जागा राखलेली आहे. ज्याची मुलगी तीन वर्षांची आहे, तो परत येईल तेव्हा ती आठ वर्षांची असेल.

जर्मनीची गोष्ट उलटी. आत शिरायला वेळ फार लागतो, पण एकदा शिरल्यावर संसार मांडता येतो. तिथला कुशल कामगारांसाठीचा कायदा मार्च २०२० पासून लागू झाला आणि नोव्हेंबर २०२३ ते जून २०२४ या काळात टप्प्याटप्प्याने सैल झाला. कुशल कामगार म्हणून मान्यता मिळालेला माणूस तीन वर्षांनी, बी-१ पातळीचं जर्मन येत असेल आणि पेन्शनचे हप्ते भरलेले असतील, तर कायम वास्तव्य मागू शकतो. त्याच्या व्हिसावर गेलेल्या जोडीदाराला कुठलंही काम करायची मुभा असते.

अडचण 'मान्यता' या शब्दात आहे. जर्मनीत फिटरच्या जवळचा जो व्यवसाय आहे, त्याचं शिक्षण साडेतीन वर्षांचं, कारखाना आणि शाळा मिळून. परदेशी प्रमाणपत्रं त्याच्याशी ताडून पाहणारी संस्था न्यूरेंबर्गला आहे. आपला दोन वर्षांचा ट्रेड तिथे तोलला की बहुतेक वेळा अर्धवट मान्यता हाती येते: एवढं जुळतं, एवढं शिकायचं राहिलं. मार्च २०२४ पासून सोय अशी झाली आहे की मालकाशी करार आणि ए-२ पातळीची भाषा असेल, तर आधी तिथे जाऊन कामाला लागायचं आणि मान्यतेचं राहिलेलं तिथेच पुरं करायचं. दुसरी वाट अनुभवी कामगारांची. तिच्यात मान्यता लागत नाही, पण गेल्या पाच वर्षांत किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि वर्षाला ठरावीक पगाराची हमी लागते. २०२५ साठी हा आकडा ४३,४७० युरो होता. नव्याने येणाऱ्या फिटरला एवढा पगार कबूल करणारा मालक सहज भेटत नाही.

या दोन्ही वाटांना एक अट सारखीच आहे: मायदेशी सरकारमान्य असलेलं, किमान दोन वर्षांचं शिक्षण. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन या अटीत बसतात. वेल्डर आणि प्लंबर हे एक वर्षाचे ट्रेड बसत नाहीत. गावात दोन्ही मुलं 'आयटीआय झालेली'. न्यूरेंबर्गच्या टेबलावर मात्र एकाचा अर्ज पुढे सरकतो आणि दुसऱ्याचा परत येतो. दहावीनंतर ट्रेड निवडताना हे कुणी सांगत नाही, आणि मला वाटतं तिथेच सांगायला हवं.

अनुभवाचं तर आणखी अवघड. रांजणगाव असो, सणसवाडी असो की कुरकुंभ, यंत्रावर उभी असलेली कितीतरी मुलं ठेकेदाराच्या पटावर असतात. काम मोठ्या कंपनीचं, कागद ठेकेदाराचा. त्या कागदावर अनेकदा नुसतं 'हेल्पर' लिहिलेलं असतं. भाच्याची पहिली चार वर्षं अशीच गेली. अनुभवाचं पत्र मागायला गेलो तेव्हा त्या ठेकेदाराने फर्मच बदललेली होती. भाच्याचा सहा वर्षांचा घाम परदेशी अधिकाऱ्याच्या लेखी दोन वर्षांचा झाला, याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून परदेशाचा विचार मनात नसला तरी प्रत्येक मुलाने पगाराच्या पावत्या जपाव्यात, पीएफचं पासबुक उतरवून ठेवावं, आणि नोकरी सोडताना कोणत्या यंत्रावर काय काम केलं हे लिहिलेलं पत्र मागून घ्यावं.

भाषेचं थोडक्यात. पुण्यात दोन्ही भाषा शिकवण्याची जुनी परंपरा आहे. जपानीची परीक्षा वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरमध्ये असते. जर्मन शून्यापासून बी-१ पर्यंत न्यायला, नोकरी सांभाळून, वर्ष तरी धरावं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी दहा हजार कुशल कामगार पाठवण्यासाठी करार केला, त्यात नर्स आणि इलेक्ट्रिशियनही होते. स्टुटगार्ट ही त्या राज्याची राजधानी, बॉशचं घर. करार ऐकून आपल्याकडे अनेकांनी बॅगा भरल्या. पण करार दोन सरकारांत झालेला असतो. नोकरी मालक देतो, आणि तोही भाषेचं प्रमाणपत्र पाहिल्यावर.

एजंटबद्दल एकच सांगतो. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याकडे केंद्र सरकारचा परवाना लागतो, तो ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येतो, आणि त्याने उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी इतकी आहे. भाच्याच्या वहीतला आकडा याच्या कितीतरी पट होता. त्या रकमेसाठी बहीण पाटाकडेची जमीन गहाण ठेवायच्या गोष्टी करत होती.

दौंडला हा प्रश्न तसा नवा नाही. हे जंक्शनचं गाव. स्वातंत्र्यानंतर देशभरच्या रेल्वे वसाहतींतल्या अँग्लो-इंडियन घरांत इंग्लंड की ऑस्ट्रेलिया अशीच चर्चा चाले. ब्रिटनने १९६२ मध्ये राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर बंधनं आणली. ऑस्ट्रेलियाने वर्णभेदी धोरणाचा शेवटचा भाग १९७३ मध्ये सोडला. एक दार मिटत होतं तेव्हा दुसरं किलकिलं होत होतं. आजही तसंच चाललं आहे. कॅनडाने २०२४ साठी ४,८५,००० लोकांना कायम वास्तव्य द्यायचं ठरवलं होतं, तो आकडा २०२५ साठी ३,९५,००० वर आणला. शेजारचा मुलगा पाच वर्षांपूर्वी कुठे गेला, यावरून आपण आज कुठे जायचं ते ठरवणं म्हणूनच धोक्याचं.

तीन आठवड्यांनी दौंडला गेलो तेव्हा हे सगळं भाच्याला सांगितलं. जपानला गेलास तर निदान पहिली काही वर्षं एकटा. जर्मनीला जायचं तर भाषा, अर्धवट मान्यता आणि कागदांची जुळवाजुळव. तो वहीवर लिहून घेत होता. सूनबाई दारात उभी राहून ऐकत होती. मी सहज तिला विचारलं, "तुझं शिक्षण काय गं?"

"जीएनएम, मामा. तीन वर्षांचं. कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे. पाच वर्षं वॉर्डात आहे."

मी तिथेच थांबलो. तीन आठवडे मी चुकीच्या माणसाचे कागद वाचत होतो.

जर्मनीला नर्स फार कमी पडतात. तिथे नर्सिंग हा नोंदणीचा व्यवसाय आहे, त्यामुळे मान्यता आणि साधारण बी-२ पातळीची भाषा चुकत नाही. पण वाट रुळलेली आहे: आधी सहायक म्हणून रुग्णालयात रुजू व्हायचं, राहिलेलं प्रशिक्षण किंवा ज्ञान-परीक्षा तिथेच पार करायची, मग नर्स म्हणून नोंदणी. केरळच्या नर्स जर्मन सरकारच्याच योजनेतून या वाटेने जातात. जपानमध्ये याच मुलीला विशिष्ट कौशल्याच्या व्हिसावर वृद्धांच्या सेवेचं काम मिळेल, पण नर्स म्हणून नाही. त्यासाठी तिथली राष्ट्रीय परीक्षा जपानीतून द्यावी लागते. म्हणजे एका देशात तिचं शिक्षण कमी-जास्त करून मोजलं जातं, दुसऱ्यात ते बाजूला ठेवावं लागतं.

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग भाचा हळूच म्हणाला, "म्हणजे मी हिच्या व्हिसावर जायचं?"

"तुला तिथं काम करता येईल. तुझ्या फिटरच्या मान्यतेचा अर्जही तिथून करता येईल," मी म्हणालो.

"लोक काय म्हणतील, दादा?" बहिणीने मला विचारलं. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाच्याने वही मिटली, आणि बायकोकडे वळून विचारलं, "तुझं रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट कुठंय?"

ती आत गेली आणि लोखंडी कपाटातून प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. त्यात तीन वर्षांच्या गुणपत्रिका होत्या, दवाखान्याच्या प्रत्येक वर्षाची पगाराची पावती होती, तारखेने लावलेली.