नखाएवढ्या धंद्याचा हिशेब

महाविद्यालयाच्या वार्षिकात नखे रंगवण्याच्या दुकानावर लेख पाहून काही वाचक नाक मुरडतील, एखादे प्राध्यापक चष्मा वर करून पुन्हा मथळा वाचतील. त्याला माझा इलाज नाही. तृतीय वर्षाला अर्थशास्त्र घेऊन स्थिर खर्च, बदलता खर्च, संधी परिव्यय हे शब्द मी पाठ केले. पण ते हिंडताफिरताना पाहिले ते राजारामपुरीतल्या एका छोट्या गाळ्यात. गाळा भाड्याचा आहे आणि त्यातले ‘नेल सलून’ माझ्या आतेबहिणीचे. डिपॉझिटसाठी आत्याच्या पाटल्या आणि बोरमाळ बँकेत तारण पडली होती. दुकान चालू होऊन चौदा महिने झाले तरी दरमहा घरातूनच पैसे घालावे लागत होते. ‘दिवाळीपर्यंत बघायचं, नाहीतर कुलूप लावायचं,’ असे गेल्या जूनमध्ये ताईने जाहीर केले आणि तिच्या वह्या माझ्या पुढ्यात आल्या.

आधी धंदा काय आहे ते सांगितले पाहिजे, कारण आपल्यापैकी निम्म्यांची नखांशी ओळख नेलकटरापुरतीच असते. येथे मुख्यतः दोन कामे होतात. पहिले जेल पॉलिश. गिऱ्हाइकाच्या स्वतःच्याच नखावर पातळ थर द्यायचे आणि प्रत्येक थर अतिनील दिव्याखाली हात धरून कडक करायचा. साध्या नेलपॉलिशसारखे ते दोन दिवसांत टवके उडून जात नाही, दोन-तीन आठवडे टिकते. दुसरे एक्स्टेन्शन, म्हणजे नखाला पुढे कृत्रिम लांबी जोडणे. त्यातल्या अ‍ॅक्रिलिक प्रकारात भुकटी आणि द्रव ब्रशच्या टोकावर एकत्र करून नख घडवतात. हा पदार्थ दातांच्या कवळीच्या मसाल्याचा सख्खा भाऊ आहे. जेल पॉलिशला पाऊण तास लागतो, एक्स्टेन्शनला दोन ते अडीच तास. हा वेळेचा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे.

या धंद्याचा इतिहासही वाटतो तेवढा किरकोळ नाही. १९७५ च्या एप्रिलमध्ये सायगाव पडले आणि व्हिएतनामी निर्वासित अमेरिकेत पोहोचले. कॅलिफोर्नियात सॅक्रमेंटोजवळच्या ‘होप व्हिलेज’ या छावणीत टिपी हेड्रन ही अभिनेत्री (हिचकॉकच्या १९६३ सालच्या ‘द बर्ड्स’ची नायिका) मदतीला जात असे. बायकांचे लक्ष तिच्या नखांकडे जाते हे तिने हेरले, आपली नखे करणारीला छावणीत बोलावले आणि वीस बायकांना हे काम शिकवण्याची व्यवस्था केली. भाषा न येताही करता येईल, थोड्या भांडवलात सुरू होईल असा हा उद्योग. पुढे व्हिएतनामी दुकानांनी दर इतके खाली आणले की श्रीमंत बायकांची ही चैन कारकून आणि नर्सबाईंच्याही आवाक्यात आली. पण दराच्या चढाओढीला दुसरी बाजू असते. २०१५ च्या मे महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्या शहरातल्या नखांच्या दुकानांवर लेखमाला छापली. स्वस्त दराचा भार कामकरणींच्या तुटपुंज्या पगारावर पडत होता, हे त्यातून उघड झाले आणि तेथील राज्य सरकारला तपासणी पथके नेमावी लागली. स्वस्ताई कोणाच्या तरी खिशातूनच येते. ताईच्या दुकानात ती तिच्या स्वतःच्या खिशातून येत होती.

आता वही उघडतो. जूनचा स्थिर खर्च असा होता : भाडे १८,००० रुपये, दोन मुलींचा पगार प्रत्येकी १४,००० म्हणजे २८,०००, वीज वगैरे ४,०००, कर्जाचा हप्ता ९,५०० आणि मोबाइलवरच्या जाहिराती ४,५००. एकूण ६४,०००. यात ताईचा स्वतःचा पगार शून्य. दुकान काढण्याआधी दुसऱ्याच्या पार्लरमध्ये ती २०,००० मिळवत होती. ते सोडून आली म्हणजे तेही खर्चातच धरायला हवेत. आमचे सर ज्याला संधी परिव्यय म्हणतात तो हा. आत्या त्याला ‘फुकटची हमाली’ म्हणते. व्याख्या म्हणून मला आत्याचीच सरस वाटते.

जमेची बाजू पाहू. एक्स्टेन्शनचा दर फलकावर २,०००, पण ‘४० टक्के सूट’ बारमाही, म्हणजे हाती १,२००. माल २६० रुपयांचा. उरले ९४०, तेही अडीच तास खपून, कारण त्यात नखांवरची फुले-वेलबुट्टी फुकट. तासाला पडले ३७६ रुपये. जेल पॉलिश ६०० रुपयांना, माल ७५ चा; उरले ५२५ आणि वेळ पाऊण तास. म्हणजे तासाला ७०० रुपये. ज्या कामाची जाहिरात करण्यासाठी पैसे मोजले जात होते ते काम निम्म्या कमाईचे होते!

जूनमध्ये ३६ एक्स्टेन्शन्स झाली, ३० जेल पॉलिश. माल वजा जाता ४९,५९० रुपये शिल्लक, म्हणजे ताईचा पगार न धरताही १४,४१० ची तूट. शिवाय जुने जेल काढून देण्याचे काम २६ वेळा फुकट केले होते. तीन टेबले, रोज दहा तास, महिन्याचे २६ दिवस म्हणजे ७८० तास विक्रीला होते, त्यांतले सव्वाशेच्या आसपास वापरले गेले. न विकलेली साडी उद्या विकता येते, न विकलेला तास रात्री दुकानाबरोबरच बंद होतो.

मग गिऱ्हाईक कोण, हे पाहिले. सूट बघून येणाऱ्या मुली लग्न किंवा वाढदिवस उरकला की परत फिरकत नव्हत्या. पुन्हा पुन्हा येणाऱ्या होत्या त्या शिक्षिका, बँकेतल्या बाई, दवाखान्याच्या स्वागतकक्षातल्या मुली. यांना लांब नखे नकोच असतात. कोल्हापुरात घरी जाऊन भाकरी थापायची असते, पीठ मळायचे असते. इंचभर नखांनी भाकरी थापून दाखवावी असे माझे कोणालाही आव्हान आहे. त्यांना हवे असते आखूड, नीटनेटके, पंधरवडाभर टिकणारे काम. दुकान मात्र सजले होते वधूंसाठी.

येथे निसर्गच मदतीला येतो. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते. म्हणजे तीन आठवड्यांत मुळाशी दोनेक मिलिमीटरची कोरी पट्टी दिसू लागते आणि गिऱ्हाइकाला आपोआप आठवण होते. एवढा भरवशाचा वसुली कारकून दुसऱ्या कोणत्या धंद्याला लाभला असेल? ताईने पैसे घेतानाच तीन आठवड्यांनंतरची तारीख वहीत घालायला सुरुवात केली. दोन दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ पाठवायची, बस्स. जाहिराती बंद केल्या.

बारमाही सूटही बंद झाली. एक्स्टेन्शन सरळ १,६०० रुपये, वेलबुट्टीचे पैसे बोटागणिक वेगळे. जेल काढण्याचे २०० रुपये लावले. यावर बरीच कुरकुर झाली, पण मला हा सर्वांत योग्य बदल वाटतो. जेल अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून, दहा-पंधरा मिनिटे वाट पाहून सोडवायचे असते. फुकटच्या कामात घाई होते, खरवडले जाते, नख पातळ होते आणि गिऱ्हाईक म्हणते जेलने नखे खराब झाली. मालाच्या बाबतीतही तसेच. एक विक्रेता बिननावाचा स्वस्त द्रव गळ्यात मारू पाहत होता. अशा मालात मिथाइल मेथाक्रिलेट असण्याची धास्ती असते. तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७० च्या दशकातच ते शुद्ध स्वरूपात असलेल्या नखांच्या मालावर कारवाई केली होती. युरोपीय संघाने तर १ सप्टेंबर २०२५ पासून टीपीओ नावाचे, जेल कडक व्हायला मदत करणारे रसायनही सौंदर्यप्रसाधनांतून हद्दपार केले. ताईने डब्यावरचा मजकूर वाचून माल घेण्याचा नियम केला. त्याने काही रुपये जास्त जातात, ते जाऊ द्यावेत.

सगळ्यांत अवघड प्रश्न होता दोन मुलींपैकी एकीला काढण्याचा. घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे, महिन्याचे १४,००० सरळ वाचतात. वहीत शोधले तर जूनच्या ६६ गिऱ्हाइकांपैकी १९ जणींनी धाकट्या मुलीचेच नाव घेऊन वेळ मागितली होती : १४ एक्स्टेन्शन्स, ५ जेल पॉलिश. त्यांतून सुटलेले पैसे १५,७८५. ती गेली असती तर सगळ्याच जणी तिच्यामागे गेल्या असत्या असे नाही, पण अशा हाताला आठवड्यात दुसरे काम मिळते हेही खरे. तिला ठेवले. तिसरे टेबल मात्र, मालकांना विचारून, मेंदी काढणाऱ्या एका बाईंना महिना ४,००० ने दिले. वधू त्यांच्याकडे येतातच, त्यांतल्या काही नखांसाठी वळतात.

पितृपंधरवडा कोरडा गेला, जातोच. ऑक्टोबर हा तूट नसलेला पहिला महिना. दिवाळीचे कुलूप टळले. जानेवारीचा हिशेब असा : २२ एक्स्टेन्शन्सचे २९,४८०, ८० जेल पॉलिशचे ४२,०००, वेलबुट्टी आणि जेल काढण्याचे मिळून ६,०००, मेंदीचे ४,०००, एकूण ८१,४८०. खर्च ५९,५००. हाती राहिले २१,९८०. जून आणि जानेवारीची तुलना काटेकोर नाही, हंगाम वेगळे, हे प्राध्यापक मंडळींनी म्हणण्याआधी मीच म्हणतो. पण वाढ लग्नसराईच्या कामात नाही, तेथे उलट घट आहे. वाढ शिक्षिका आणि बँकेतल्या बाईंच्या फेऱ्यांत आहे. गंमत म्हणजे प्रत्यक्ष कामाचे तास जूनपेक्षा थोडे कमीच भरले.

बोरमाळ सुटली, पाटल्या अजून बँकेत आहेत. भाडेकरार आता नव्याने करायचा आहे आणि मालक दहा टक्के वाढ मागत आहेत. म्हणजे महिना १,८०० रुपये, म्हणजेच जेल पॉलिशची आणखी चार गिऱ्हाइके. हा आकडा ताईने वही न उघडता सांगितला.