ताणजन्य मूत्रगळती : स्वरूप आणि उपचार

प्रस्तावना

खोकताना, शिंकताना, हसताना किंवा जड वस्तू उचलताना नकळत लघवी होणे, या विकारास ताणजन्य मूत्रगळती म्हणतात. येथे ‘ताण’ या शब्दाचा मानसिक ताणाशी संबंध नाही. पोटातील दाब एकाएकी वाढल्याने मूत्राशयावर पडणारा भार, असा त्याचा अर्थ आहे. स्त्रियांमध्ये हा विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. तथापि तो बाळंतपणाचा वा वयाचा अपरिहार्य परिणाम समजून अनेक स्त्रिया मुकाट्याने सहन करतात. वास्तविक बहुसंख्य रुग्णांना उपचारांनी आराम पडू शकतो.

कारणमीमांसा

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू मूत्राशय व मूत्रमार्ग यांना झोळीप्रमाणे आधार देतात. पोटातील दाब वाढला, की या आधारावर मूत्रमार्ग दाबला जाऊन बंद राहतो. हा आधार सैल पडल्यास, अथवा मूत्रमार्ग आवळून धरणारा स्नायू दुर्बल झाल्यास, गळती होते. योनिमार्गे झालेली प्रसूती, स्थूलता, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता व रजोनिवृत्ती ही याची प्रमुख कारणे होत. पुरुषांमध्ये हा विकार मुख्यतः प्रोस्टेट ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर उद्भवतो.

निदान

लघवीची तीव्र भावना होऊन प्रसाधनगृह गाठण्यापूर्वीच होणारी गळती ही निराळी असते. तीत मूत्राशयाचे अनैच्छिक आकुंचन कारणीभूत असते व तिचे उपचारही भिन्न असतात. काही रुग्णांत दोन्ही प्रकार एकत्र आढळतात. म्हणून लघवीची तपासणी, भरलेल्या मूत्राशयासह खोकण्याची चाचणी आणि किमान तीन दिवसांची लघवीची नोंदवही यांच्या आधारे निदान केले जाते. लघवीतून रक्त जात असल्यास त्वरित वैद्यकीय तपासणी आवश्यक आहे.

उपचार

अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडलेला ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम हा आजही प्राथमिक उपचार होय. अपानवायू रोखताना जे स्नायू आवळले जातात, तेच आत व वर ओढून धरावयाचे असतात. प्रत्येक वेळी किमान आठ आकुंचने, दिवसातून तीन वेळा, याप्रमाणे निदान तीन महिने सातत्य ठेवावे लागते. अनेकांकडून श्वास रोखणे वा पोट आवळणे अशा चुका होतात. म्हणून प्रारंभी फिजिओथेरपिस्टचे मार्गदर्शन घ्यावे. लघवी करताना धार वारंवार थांबवून हा व्यायाम करणे योग्य नव्हे.

वजन घटविण्याचाही लाभ होतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, आहार व व्यायामाने सरासरी ८ टक्के वजन घटलेल्या स्त्रियांच्या गटात गळतीचे प्रसंग ४७ टक्क्यांनी कमी झाले. केवळ आरोग्यविषयक माहिती दिलेल्या गटात ही घट २८ टक्के होती. गळतीच्या भीतीने पाणी फार कमी पिणे मात्र अपायकारक ठरते. त्यामुळे लघवी दाट होते व जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

व्यायामाने पुरेसा गुण न आल्यास शस्त्रक्रियेचा विचार केला जातो. मूत्रमार्गाखाली कृत्रिम जाळीची पट्टी बसविण्याची पद्धत १९९० च्या दशकात रूढ झाली व ती परिणामकारक ठरली. तथापि काही रुग्णांत दीर्घकालीन वेदना व जाळी उघडी पडणे असे उपद्रव आढळल्याने इंग्लंडमध्ये २०१८ साली तिचा वापर स्थगित करण्यात आला. रुग्णाच्याच ऊतींची पट्टी वापरणे हा अन्य पर्याय आहे. प्रत्येक पर्यायाचे लाभ व धोके समजून घेऊनच रुग्णाने संमती द्यावी.

समारोप

हा विकार जीवघेणा नसला, तरी प्रवास, व्यायाम, वर्गातील अध्यापन व समारंभातील वावर यांवर तो हळूहळू मर्यादा आणतो. उपचार उपलब्ध असूनही संकोचामुळे ते लांबणीवर पडतात. प्रसूतीनंतरच्या व चाळिशीनंतरच्या तपासणीत याविषयी डॉक्टरांनी स्वतःहून विचारणा करणे आणि महाविद्यालयीन आरोग्य व्याख्यानांत या विषयास स्थान देणे, हे त्यावरील पहिले पाऊल ठरेल.