लहानशी रेघ, मोठा फरक



पापड, मसाले, लोणची आपण मन लावून करतो. पण पाकिटावरचं लेबल, मालाची ऑर्डर, बँकेचा चेक इथे इंग्रजी येतंच. मग गटात प्रश्न निघतो : हे दोन शब्द जोडून लिहायचे, सुटे लिहायचे, की मधे आडवी रेघ द्यायची? आज त्याबद्दलच बोलू या.

मराठीत आपण जोडशब्द बहुधा एकत्र लिहितो. पुरणपोळी, पोळपाट, आईवडील. इंग्रजीत मात्र तीन रीती आहेत. काही शब्द जोडून येतात : पासबुक, होममेड, हँडमेड. काही सुटे राहतात : बँक अकाउंट, पोस्ट ऑफिस. काहींच्या मधे रेघ येते : शुगर-फ्री, मदर-इन-लॉ. आपल्या बचत गटाचं इंग्रजी नावच बघा ना, 'सेल्फ-हेल्प ग्रुप'. पहिल्या दोन शब्दांत रेघ, तिसरा सुटा.

ही रेघ नुसती शोभेची नाही. समजा, आपल्याला कोंबडीची पिल्लं मागवायची आहेत. 'ट्वेंटी डे-ओल्ड चिक्स' लिहिलं, तर एक दिवसाची वीस पिल्लं. 'ट्वेंटी-डे-ओल्ड चिक्स' लिहिलं, तर वीस दिवसांची पिल्लं, आणि किती हवीत ते लिहायचं राहूनच गेलं! एक दिवसाच्या पिल्लांना बल्बची ऊब लागते. वीस दिवसांच्या पिल्लांना पिसं फुटू लागलेली असतात. म्हणजे तयारी वेगळी, भावही वेगळा.

असं का होतं? मराठीत 'दिवसाची', 'दिवसांची' असा प्रत्यय लागला, की अर्थ कळतो. इंग्रजीत इथे प्रत्यय नाही. म्हणून कोणता शब्द कोणाच्या जोडीचा, हे रेघ सांगते.

जोडून आणि सुटं यातही फरक आहे. 'एव्हरीडे' जोडून लिहिलं, तर 'रोजच्या वापरातलं'. 'एव्हरी डे' सुटं लिहिलं, तर 'दररोज'. दुकान रोज उघडं असेल, तर पाटीवर 'ओपन एव्हरी डे' सुटंच हवं.

चेकवर रक्कम अक्षरी लिहिताना 21 ते 99 मधल्या जोडआकड्यांत रेघ देतात : ट्वेंटी-फाइव्ह, नाइन्टी-नाइन. थर्टी, फॉर्टी अशा पूर्ण दशकांना रेघ नाही. आणि गंमत ऐका, एकीपेक्षा जास्त सासवा असतील, तर इंग्रजीत 'मदर्स-इन-लॉ' म्हणतात. अनेकवचनाचा 'एस' मुख्य शब्दाला, म्हणजे 'मदर'ला लागतो.

हे सगळं पाठ करायची गरज नाही. रीतीही बदलत असतात. 2007 साली 'शॉर्टर ऑक्सफर्ड' या इंग्रजी शब्दकोशाने सुमारे 16,000 शब्दांमधली रेघ काढून टाकली. 'आइस-क्रीम'चं 'आइस क्रीम' झालं. म्हणून जुन्या पुस्तकात एक आणि नव्यात दुसरं दिसलं, तर गोंधळू नका.

आम्ही गटांना एवढंच सांगतो : लेबल छापायला देण्याआधी शब्द नव्या शब्दकोशात बघा. शाळकरी मुलीला मोबाइलवर शोधायला सांगा, तिचाही अभ्यास होईल. एका लेबलवर एकच शब्द दोन तऱ्हांनी लिहू नका. ऑर्डरमध्ये शंका वाटली, तर सरळ दोन ओळी करा : नग किती, वय किती. छापलेलं लेबल खोडता येत नाही, कच्चा कागद मात्र कितीदाही दुरुस्त करता येतो.