दवाखाना तिकडे, तक्रार इकडे

बेळगावचा पेशंट मिरज-कोल्हापूरला जातो, गोव्याचा बेळगावला येतो. दुखणं काही राज्याची हद्द बघत नाही. पण उपचारात हलगर्जीपणा झाला असं वाटलं, की घरचे म्हणतात, "परक्या राज्यात कोर्टाच्या खेपा कोण घालणार?" आणि विषय तिथेच मिटतो. कायद्याने आता ही अडचण बरीच कमी केली आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला. त्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, मग दवाखाना कुठल्याही राज्यात असो. दवाखान्याला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावायची सक्ती नाही. मुदत साधारण दोन वर्षांची.

सगळ्यांनाच मोफत उपचार देणारा दवाखाना या कायद्याबाहेर राहतो. पण जिथे काहीजण पैसे भरतात आणि गरिबांना मोफत तपासतात, तिथे त्या गरीब पेशंटलाही हाच हक्क आहे.

पहिलं काम म्हणजे कागद मिळवणं. अॅडमिट पेशंटची केस-फाइल मागितल्यावर ७२ तासांत द्यावी, असा डॉक्टरांसाठी नियम आहे.

पोलीस केसची गोष्ट वेगळी. तिथे किरकोळ चूक पुरत नाही. हलगर्जीपणा गंभीर असावा लागतो, असा २००५ चा निकाल आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. उपचार करताना तसं घडलं, तर नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

आणि डॉक्टरांची बाजूही बघायला हवी. पेशंट दगावला म्हणजे डॉक्टर चुकलाच, असं नाही. त्या शाखेतल्या सर्वसाधारण जाणकार डॉक्टरने जेवढी काळजी घेतली असती, तेवढी घेतली का, एवढंच आयोग तपासतो. दवाखान्याच्या काचा फोडून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. घरात कागद वाचता येणारं कॉलेजचं पोर असेल, तर फाइल मागायचा अर्ज त्यानेच लिहून द्यावा.