दादा, मेकॅनिक्स राहिलाय!

पहिल्या वर्षाच्या मॅथ्समध्ये आणि मेकॅनिक्समध्ये घरातल्या कुणाची गाडी अडकली, की मदतीचा पहिला फोन येतो तो तुम्हाला. तो उचलल्यावर करायचं काय?

घरातला एक जण इंजिनीअर झाला, की त्याच्या नावावर आपोआप एक फॅमिली हेल्पडेस्क उघडला जातो. काकांचा प्रिंटर, आत्याचा नवा मोबाइल, आजीच्या बँकेचा पासवर्ड... सगळं तुमच्याकडे. यात वर्षातून एकदा एक वेगळा कॉल येतो. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेला मावसभाऊ किंवा चुलतबहीण हळू आवाजात विचारते, ‘दादा, तुला वेळ आहे का? एम-वन आणि मेकॅनिक्स, दोन्ही राहिलेत. घरी अजून सांगितलं नाहीये.’

आणि तुम्ही? चार वर्षं कोडिंग करताय, डेडलाइन्स झेलताय. पण डबल इंटिग्रेशन म्हटल्यावर आठवतं ते फक्त हॉस्टेलचं नाइट मारणं आणि झेरॉक्सवाल्याकडची रांग! टेन्शन नको. मदत करायला सगळा सिलॅबस आठवायला लागत नाही. गाडी कुठे अडकते, तेवढं कळलं तरी पुष्कळ.

बारावीत नव्वद, इथे केटी?

घरच्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. ‘बारावीपर्यंत मॅथ्स इतकं छान होतं, मग आत्ताच काय झालं? मोबाइल!’ मोबाइल निर्दोष आहे असं नाही, पण खरा झोल वेगळाच आहे. एमएचटी-सीईटीत मॅथ्सचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. प्रत्येकाला २ मार्क आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. चार पर्याय समोर असतात. दोन कटाप केले, उरलेल्यांत उलटीकडून किमती घालून पाहिल्या, की उत्तर हाती. दोन वर्षं मुलं याच खेळात तयार होतात.

इंजिनीअरिंगच्या पेपरात समोर असतो कोरा कागद. पर्याय नाहीत, स्टेप्स हव्यात. त्यात एक सेमिस्टर म्हणजे हाताशी जेमतेम चार महिने, त्यातला पहिला महिना अॅडमिशनच्या फेऱ्यांमध्ये आणि नवीन मित्रांमध्ये जातो. मग शेवटच्या पंधरा दिवसांत सुरू होतो तो ‘टाइप’ पाठ करण्याचा फंडा. टाइप एक, टाइप दोन, टाइप तीन. पेपरात आकृती जराशी वाकडी आली, की टाइप ओळखता येत नाही आणि वाट लागते.

शिडी नक्की कुठे घसरते?

मेकॅनिक्सचं एक क्लासिक गणित घ्या. ५ मीटर लांबीची, २०० न्यूटन वजनाची शिडी गुळगुळीत भिंतीला टेकवली आहे. तिचा पाय भिंतीपासून ३ मीटरवर, डोकं ४ मीटर उंचीवर. जमीन खरखरीत, कोइफिशंट ऑफ फ्रिक्शन ०.५. शिडी स्थिर आहे, तर जमिनीवरचं घर्षण किती?

वर्गातली बरीच मुलं ताबडतोब लिहितात, एफ बरोबर म्यू एन. ०.५ गुणिले २०० म्हणजे १०० न्यूटन. फॉर्म्युला बरोबर, उत्तर चूक!

आता फक्त शिडी वेगळी काढा, म्हणजेच फ्री बॉडी डायग्राम. भिंत आणि जमीन पुसून टाका आणि त्यांच्या जागी त्यांचे धक्के दाखवा. मधोमध खाली ओढणारं २०० न्यूटन वजन. पायाशी जमिनीची वरची रिअॅक्शन, तीही २०० न्यूटन, कारण उभ्या दिशेने दुसरं काहीच नाही. डोक्याशी भिंतीचा आडवा धक्का. आणि पायाशी घर्षण. पायाभोवती मोमेंट घेतले, की वजनाचं आडवं अंतर १.५ मीटर, म्हणजे मोमेंट ३००. भिंतीचा धक्का गुणिले ४ बरोबर ३००. धक्का ७५ न्यूटन. त्याला थोपवणारं घर्षणही तेवढंच, ७५ न्यूटन.

मग ते १०० कुठून आलं? ती घर्षणाची क्रेडिट लिमिट आहे, या महिन्याचा खर्च नव्हे. जमीन जास्तीत जास्त १०० देऊ शकते, पण देते गरजेपुरतंच. शिडी घसरण्याच्या अगदी बेतात असेल तेव्हाच लिमिट पूर्ण वापरली जाते. या शिडीला उभं राहायला ७५ भागिले २००, म्हणजे किमान ०.३७५ एवढा कोइफिशंट लागतो. त्याच्या खाली गेला, की शिडी घसरली. एकदा हे डोक्यात बसलं, की फ्रिक्शनचा अर्धा चॅप्टर सरळ होतो.

हाच डायग्राम पुढे डायनॅमिक्समध्येही कामाला येतो. डी’अलेम्बर्ट नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १७४३ मध्ये एक युक्ती मांडली. वस्तुमान गुणिले त्वरण एवढं बल उलट्या दिशेने दाखवा, की हलणाऱ्या वस्तूचं गणितही स्थिर वस्तूसारखं सोडवता येतं. तुमच्या ऑफिसची लिफ्ट १ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने वर निघाली, तर ६० किलोच्या माणसाला तिची जमीन ६० गुणिले १०.८१, म्हणजे जवळपास ६४९ न्यूटन बलाने ढकलते. उभं असताना हाच आकडा ५८९ च्या आसपास असतो. लिफ्ट सुटताना पाय जड का वाटतात, ते हेच!

आणि मॅथ्सचं काय?

तिथेही चूक बहुतेक वेळा पहिल्याच ओळीत होते. डबल इंटिग्रेशनचं पेटंट गणित पाहा. ‘ई रेज्ड टू वाय स्क्वेअर’चं इंटिग्रेशन करायचंय. आधी वाय, एक्सपासून १ पर्यंत. मग एक्स, ० पासून १ पर्यंत. बसल्या बसल्या सरळ इंटिग्रेट करायला गेलात, तर रात्र संपेल, कारण या फंक्शनचं इंटिग्रेशन आपल्या नेहमीच्या फंक्शन्समध्ये लिहिताच येत नाही.

पण लिमिट्सची आकृती काढा. एक साधा त्रिकोण दिसतो. तो उभ्या पट्ट्यांऐवजी आडव्या पट्ट्यांनी भरा. आता एक्स जातो ० पासून वायपर्यंत आणि वाय ० पासून १ पर्यंत. पहिल्या इंटिग्रेशनमध्ये एक वाय बाहेर येतो आणि दुसरं चुटकीसरशी सुटतं. उत्तर, ई वजा १ भागिले २. गणितात नवीन काही नव्हतं, नवीन होती ती आकृती.

म्हणून मदतीला बसलात, की पहिली सूचना एकच. पेन उचल, आधी चित्र काढ.

मदत कुठे कुठे मिळते?

सगळं तुम्हीच शिकवायला पाहिजे असं मुळीच नाही. कॉलेजातले सर आणि मॅडम हा सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात कमी वापरलेला पर्याय. ‘सर, काहीच कळत नाही’ असं म्हटलं, तर सर तरी काय सांगणार? ‘इथपर्यंत आलो, या स्टेपला मोमेंटचं साइन उलटं का, ते कळलं नाही’ असं वहीसकट विचारलं, तर पाच मिनिटांत काम होतं.

घरबसल्या पाहायचं तर आयआयटी आणि आयआयएससी यांच्या एनपीटीईएलची लेक्चर्स फुकट आहेत, हा उपक्रम २००३ पासून चालू आहे. अकरावी-बारावीचा पाया कच्चा असेल तर खान अकॅडमी. इंग्रजीमुळे अडत असेल, तर एआयसीटीईने पहिल्या वर्षाची पुस्तकं मराठीतही आणली आहेत, ती ई-कुंभ पोर्टलवर मिळतात. पुस्तकांत मॅथ्ससाठी ग्रेवाल आणि मेकॅनिक्ससाठी बीअर-जॉन्स्टन हे जुने खेळाडू आजही फॉर्मात आहेत. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात चक्कर मारा, जुनी पुस्तकंसुद्धा मिळतील.

आणि आता एआय चॅटबॉट आहेतच. त्याला गणित टाइप करून उत्तर मागितलं, की वहीत उतरतं पण डोक्यात शिरत नाही, आणि आकृतीच्या गणितात तो आत्मविश्वासाने चुकूही शकतो. त्यापेक्षा आपलं सोडवलेलं गणित द्या आणि विचारा, ‘माझी पहिली चूक कोणत्या ओळीत आहे?’

दादा-ताईंसाठी छोटं मॅन्युअल

• ‘आमच्या वेळी’ हा शब्दप्रयोग एका तासासाठी म्यूट करा.

• तुम्ही सोडवून दाखवू नका. पेन त्याच्या हातात, बोट तुमचं.

• जुना पेपर समोर ठेवा आणि मार्क नेमके कुठे गेले ते दोघांनी मिळून पाहा. बऱ्याचदा कळतं, की अडचण एम-वनची नसून अकरावीच्या ट्रिगोनोमेट्रीची आहे.

• आठवड्यातून दोनदा एकेक तास. परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या सहा तासांपेक्षा हे कितीतरी बरं.

• तुम्हालाही येत नसेल तर सरळ सांगा आणि दोघं मिळून शोधा. त्याला तेवढंच बरं वाटेल.

रिझल्टपेक्षा मोठी गोष्ट

केटीची नियमावली विद्यापीठानुसार बदलते, पण ठराविक विषय राहिले तरी पुढच्या वर्षाला बसता येतं, हे बहुतेक ठिकाणी खरं आहे. अडचण नंतर येते. दुसऱ्या वर्षाचे विषय, त्यात मागचे दोन, आणि वर कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्यांची अट, ‘नो लाइव्ह बॅकलॉग’. म्हणून राहिलेला विषय जितक्या लवकर सुटेल तितकं बरं.

पण त्याहून जड असतं ते लपवणं. गावात आईबाबांनी एज्युकेशन लोन काढलेलं असतं, नातेवाइकांना पेढे वाटून झालेले असतात. अशा वेळी दोन विषय राहिले हे घरी सांगायचं धाडस होत नाही. मुलगा सुट्टीत घरी जायचं टाळतो, फोन उचलत नाही, ‘अभ्यास चाललाय’ एवढंच सांगतो. तुम्हाला आलेला तो फोन म्हणूनच महत्त्वाचा. शिडीच्या गणिताआधी एकदा विचारा, ‘घरी सांगायला मी सोबत येऊ का?’ आईबाबांना केटी म्हणजे नेमकं काय, वर्ष वाया गेलं की नाही, हे शांतपणे समजावणारं कुणीतरी मोठं लागतं. आणि त्याच्या बोलण्यात ‘आता काही अर्थ नाही’ असा सूर वारंवार येत असेल, तर अभ्यास बाजूला ठेवा, त्याच्याजवळ जाऊन बसा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे, तो त्याच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या.

बाकी मॅथ्स आणि मेकॅनिक्सचं म्हणाल, तर ते सुटतं. या शनिवारी एक तास काढा, एक कोरा कागद घ्या आणि शिडी काढायला सांगा. त्याआधी तुम्ही स्वतः एकदा सोडवून बघाच. काय म्हणता, १०० आलं? पुन्हा आकृती काढा!