खेचरांच्या वाटेवर आता सायकली

अमेरिकेत वॉशिंग्टनला गेलात, तर स्मारकांनंतर जॉर्जटाउन गाठा आणि चेसापीक अँड ओहायो कालव्याच्या काठाने चालू लागा. पोटोमॅक नदीच्या सोबतीने ही वाट कंबरलंडपर्यंत सुमारे २९७ किलोमीटर जाते. मोटारी नाहीत, चढ अगदी हलका.

वाट एवढी सपाट का? ती खेचरांसाठी बांधली होती! खेचरं काठावरून दोर ओढत, मागे पाण्यात कोळशाने भरलेली होडी. जिथे उंची बदलते तिथे दगडी हौद, दोन्ही टोकांना दरवाजे. होडी आत घेऊन दरवाजे लावायचे, वरचं पाणी सोडायचं, की होडी आपोआप वर! असे ७४ हौद वाटेत. मला यातलं साधेपण फार आवडतं.

कालव्याचं काम सुरू झालं ४ जुलै १८२८ रोजी. त्याच दिवशी बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचीही सुरुवात झाली. रेल्वे कंबरलंडला १८४२ मध्ये पोहोचली, कालवा १८५० मध्ये. कालव्याच्या एकट्या पॉ पॉ बोगद्याने १४ वर्षं खाल्ली. तो आजही पायी पार करता येतो. बॅटरी मात्र हवीच. १९२४ च्या पुरानंतर कालव्यातली वाहतूक थांबली ती कायमचीच.

पुढे इथे मोटाररस्ता करण्याचं घाटत होतं. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी १९५४ मध्ये रस्त्याची बाजू घेणाऱ्या संपादकांना आव्हान दिलं: माझ्यासोबत हा काठ चालून पाहा. त्या पदयात्रेने जनमत फिरलं आणि १९७१ मध्ये कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. कालव्यावरच्या काही जुन्या रखवालदार-घरांत आता मुक्कामही करता येतो, आधी आरक्षण करून!